एक डाव पटावर, एक रिंगणात

बर्लिनला गेलेला प्रवासी ब्रांडेनबुर्ग दरवाजा पाहतो, जुन्या भिंतीचे उरलेले तुकडे पाहतो आणि परततो. पण सवड काढून शहराच्या उत्तर भागातल्या माउअरपार्क या बागेत जावे. पूर्व आणि पश्चिम बर्लिनला तोडणारी भिंत इथूनच जात होती. बागेशेजारच्या मोठ्या क्रीडागृहाला माक्स श्मेलिंग याचे नाव आहे. हा जर्मन मुष्टियोद्धा १९३० साली हेवीवेट गटाचा जगज्जेता ठरला होता.

बुद्धिबळाचा जगज्जेता एमानुएल लास्कर हाही याच शहरात घडला. तरुणपणी तो इथल्या कॅफेंमध्ये डाव मांडून बसे. १८९४ ते १९२१ अशी तब्बल २७ वर्षे जगज्जेतेपद त्याच्याकडे होते. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्याला देश सोडावा लागला.

डोक्याचा आणि मुठीचा, असे हे दोन्ही खेळ २००३ साली याच बर्लिनमध्ये एकत्र आले. इपे रुबिंग या डच कलावंताने ते घडवून आणले. एन्की बिलाल याच्या १९९२ च्या चित्रकथेत दोन खेळाडू आधी मुष्टियुद्ध पूर्ण करतात आणि मग बुद्धिबळाला बसतात. रुबिंगने दोन्ही खेळांच्या फेऱ्या आलटून पालटून ठेवल्या आणि ‘चेसबॉक्सिंग’ जन्माला आले.

एकूण फेऱ्या ११. सहा पटावरच्या, पाच ठोशांच्या. पहिली आणि शेवटची फेरी बुद्धिबळाची. मधल्या विश्रांतीत रिंगणात टेबल येते, पट मांडला जातो. खेळाडू हातमोजे उतरवतात. प्रेक्षकांचा गलका ऐकू येऊ नये म्हणून कानांवर हेडफोन चढवतात. मात दिली, प्रतिस्पर्ध्याला ठोशाने गारद केले किंवा पटावर त्याची वेळ संपली, की सामना जिंकला.

खरी कसोटी लागते ती मधल्या एका मिनिटात. छाती धपापत असते, हात थरथरत असतात, नाकावर बसलेला ठोसा मनातून जात नाही. अशा वेळी त्याच माणसासमोर बसून घोडा कुठे न्यावा, हे ठरवायचे असते. रागाच्या भरात एखादी चाल चुकली तर वजीर हातचा जातो. म्हणून या खेळाच्या सरावात धावणे आणि ठोसे मारणे झाले, की दम लागलेला असतानाच पटावर बसवतात.

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या पॅराडिसो सभागृहात पहिली जगज्जेतेपदाची लढत झाली. पूर्वी चर्च असलेल्या या वास्तूत रुबिंग स्वतः खेळला आणि जिंकला. तो निकाल ना ठोशाने लागला, ना मातीने. प्रतिस्पर्ध्याची पटावरची वेळ अकराव्या फेरीत संपली!

२०२० मध्ये, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी रुबिंगचे निधन झाले. तोवर त्याचा खेळ लंडन, मॉस्कोपर्यंत पोचला होता. चतुरंगाच्या या आपल्या देशातही कोलकात्याच्या उत्साही मंडळींनी २०११ मध्ये त्याची संघटना उभी केली.

माउअरपार्कमध्ये आज भिंतीच्या जागी मुले खेळतात. बुद्धी आणि बळ यांच्यामध्येही आपण अशीच एक भिंत घालून ठेवतो. ‘अभ्यासू’ मुलगा मैदानावर जात नाही, ‘खेळाडू’ मुलाच्या हाती पट देत नाही. बर्लिनच्या या खेळात मात्र दोघांपैकी एकाला घरी ठेवून येणाऱ्याचा निभाव लागत नाही.