डाव्या पायाचे दुखणे

भाऊबीजेला धुळ्यास ताईकडे जायचे ते वडिलांच्या फियाटनेच, असा माझा हट्ट होता. 'पद्मिनी' हे नाव १९७४ सालचे. आमची गाडी त्याच्याही आधीची. ताई लग्न होऊन धुळ्याला गेली ती याच गाडीतून. "ती दारात उभी राहिली की बाबाच आल्यासारखे वाटते," असे ती म्हणते. पण यंदा क्लच इतका जड झाला होता की, जळगावच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंतच माझा डावा गुडघा कुरकुरू लागला.

"ही शेवटची खेप. दिवाळी झाली की विकून टाकू," मी म्हणालो. सौ. काहीच बोलल्या नाहीत.

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस पांढराशुभ्र फुटला होता. सुरत-नागपूरचा हा रस्ता आता चांगला रुंद झाला आहे, आणि मोकळ्या रस्त्यावर क्लचला फारसे काम नसते. एरंडोलला चिरंजिवांना पांडववाडा दाखवायचा बेत होता. पण थांबलो तर पुन्हा क्लच दाबावा लागेल, म्हणून तो रहित केला!

पारोळ्यात मात्र पाय थरथरू लागला. झाशीच्या नेवाळकरांशी नाते सांगणारे हे गाव. जुना भुईकोट किल्ला आहे. तो पाहण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. रस्त्याकडेच्या एका लहानशा गॅरेजपुढे गाडी उभी केली.

"काय व्हयनं, भाऊ?" म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारले.

मी शहाणपणाने सांगितले, "प्रेशर प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागणार."

त्यांनी पान्याला हातही लावला नाही. "एकदम जड झाला, की हळूहळू?"

"हळूहळू. पावसाळाभर गाडी उभीच होती."

मग त्यांनी वाकून पेडल हाताने दाबले आणि सोडले. पेडल आळस देत वर आले. "पाहिलंत? स्प्रिंगचा जोर असता तर हात वर फेकला असता. हे जितकं जड खाली जातं, तितकंच सुस्त वर येतं. कुठेतरी घासतंय."

किती साधी गोष्ट! स्प्रिंग एकाच दिशेला अडवते; घासणारी वस्तू जाता-येता दोन्हीकडे अडवते.

मग त्यांनी गाडीखाली शिरून पेडलकडून क्लचकडे जाणारी जोडणी सुटी केली. तरी पेडल जडच! म्हणजे दुखणे अलीकडेच होते. गिअरबॉक्स खोलण्याचे कारण नव्हते. पेडल ज्या दांड्यावर फिरते तो बाहेर काढला, तर त्यावर गंज आणि दगडासारखे वाळलेले ग्रीस. आम्ही शेजारी शेवभाजी खाईपर्यंत त्यांनी तो घासून, डिझेलने धुऊन, नवे ग्रीस भरून बसवला. शेवटी पेडलला वरच्या अंगाला बोटभर मोकळी चाल ठेवली. "ही नसली तर आतलं बेअरिंग सारखं फिरत राहतं आणि लवकर जातं," ते म्हणाले. "ग्रीस कधी भरलं होतं?"

मला उत्तर देता येईना. दसऱ्याला हार घालण्याआधी बाबा ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरत. त्यांच्यामागे मी हार तेवढा चालू ठेवला होता.

पुढे पांझरेकाठी धुळे आले. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने नव्याने वसवलेल्या या शहराच्या नंबरवार गल्ल्यांत दहा पावलांवर क्लच दाबावा लागतो. पण आता पायाला त्याची जाणीवही होत नव्हती.

ताईने मला ओवाळले आणि तेच ताट घेऊन ती बाहेर गाडीपाशी गेली. बॉनेटला कुंकू लावताना तिचे डोळे भरून आले. विकण्याची गोष्ट मी काढलीच नाही.

परतताना आम्ही एरंडोलला थांबून पांडववाडा पाहिला.