गोळी घेतली का, याच्या आधीचे प्रश्न

पहिल्याच भेटीत मी टीबीच्या प्रत्येक रुग्णाला सांगते, उद्यापासून लघवी केशरी होईल, घाबरू नका, तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग आहे. हे सांगितलं नाही तर माणसाला ते रक्त वाटतं आणि तो कुणाला न विचारता गोळ्या बंद करतो.

टीबीचा साधा कोर्स ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधं, पुढे ४ महिने तीन. खरी कसोटी लागते ती बरं वाटायला लागल्यावर. ताप गेला, खोकला थांबला, भूक लागू लागली की माणूस कामावर पळतो. तोवर खाडे पडून उधारी झालेली असते. गोळ्या तिथे सुटतात, आणि छातीतले उरलेसुरले जंतू पुन्हा डोकं वर काढतात.

गोवंडीतल्या एका नव्या सुनेने गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात लपवली होती. आजार फक्त नवऱ्याला ठाऊक. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, आणि त्याच वेळी सासूबाई ओट्यापाशी. "ताई, जरा मळमळलं की सगळ्या विचारतात, दिवस गेले का गं?" हे सांगताना तिला रडू फुटलं. तिला निष्काळजी कोण म्हणेल? डॉक्टरांशी बोलून आम्ही वेळ बदलली: रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, निजानीज झाल्यावर. मग तिच्या गोळ्या चुकल्या नाहीत.

घरी राहून घेतलेले उपचार सॅनेटोरियमइतकेच गुण देतात, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिलं. त्याने गरिबांवर मोठे उपकार केले. पण तेव्हापासून औषधाचं सगळं ओझं घरावर आलं, आणि घरात भाडं असतं, लग्नं असतात, शेजारी असतात. सरकार आता पोषणासाठी महिन्याला १००० रुपये देतं. त्यात अंडी-डाळ येते, बुडालेली रोजंदारी भरून निघत नाही.

बिघडलेल्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत तर मी पायांची चौकशी आधी करते. त्यावरच्या लिनेझोलिड या औषधाने पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. एक शिंपीकाका चपला सारख्या निसटतात म्हणून चपलांनाच दोष देत होते. शिलाई मशीनचं पायडलही त्यांना नीट जाणवत नव्हतं. असं वेळीच कळलं तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, औषध थांबवूही शकतात. म्हणून झोप लागते का, चप्पल पायात राहते का, कामावर कुणी टाकून बोलतं का, हे मी आधी विचारते. गोळ्यांची पाकिटं त्यानंतर मोजते.