आंबेमोहराचं बी

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी अक्षरांत एका आईचं नाव कोरलेलं आहे. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला, तिचं हे दान. लेखात एवढंच. दोन हजार वर्षांच्या पावसाळ्यांतून ते नाव टिकलं आहे. चैत्रात एकवीरेचं दर्शन झालं की आई तिथंच लेण्याच्या गारव्याला टेकायची. एकदा तिला मी ही भायिला सांगितली. ती कुठली, कोणाची, काही विचारलं नाही आईनं. म्हणाली, "दिलं काय बाईनं?"

गेलेल्या माणसानं काय कमावलं, किती ठेवलं, हे दहाव्याला घाटावरच बोलून होतं. आईला त्यात रस नसे. तिचा प्रश्न हाच.

मळवली स्टेशनाच्या अलीकडे आमची भातखाचरं. 1978 साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि आईचा दिवस तिच्यावर लागला. सकाळची गाडी गेली की चिखलात उतरायचं, दुपारची आली की भाकरी. पाठीवर इरलं, डाव्या हातात रोपाची मूठ. उजव्या हाताचा अंगठा तीन-चार काड्या सोडवायचा, चिखलात खोचायचा, आणि बोटं वर येईपर्यंत पुढची चिमूट सुटलेली असायची. उलट्या पावलांनी ती बांधाला लागे. रात्री चिखल्या झालेल्या बोटांना हळद-तेल लावताना तिच्या तोंडून हूं की चूं निघत नसे.

1987 मध्ये वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी आला. आंबेमोहराचाच वंश, आयआर-8शी संकर केलेला. उतारा चांगला, वास राखलेला, आणि आंबेमोहरासारखा वाऱ्यात लोळत नाही. मावळानं तो डोक्यावर घेतला, ते योग्यच झालं. आमची शिक्षणं त्याच्या पैशांवर झाली. पण ओढ्याकडचं एक खाचर आईनं जुन्या आंबेमोहरालाच ठेवलं. झोडणीआधी ती स्वतः उभ्या पिकात शिरून भरलेल्या लोंब्या निवडायची, वाळवायची, निरगुडीचा पाला घालून मडक्यात भरायची. पेरणीच्या तोंडावर भाजे, पाटण, देवल्याच्या बायका मागायला येत. कोणालाही तिनं मोकळ्या हातानं पाठवलं नाही. माप भरून वर एक ओंजळ टाकायची. पैशाचं नाव काढलं तर म्हणायची, "बी इकत्यात व्हय? पिकलं की दे कुणाला तरी."

शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला होती. ओढ्याकडचं खाचर पडून राहिलं, मडक्यातलं बी जुनं होऊन गेलं. ती गेल्यावर वहिनीनं राब भाजला, इंद्रायणी पेरला आणि एक कोपरा रिकामा ठेवून पाटणला गेली. तिथल्या एका म्हातारीनं आईकडून नेलेलं बी दरसाल धरलं होतं. तिनं पायली भरली. वर ओंजळ टाकली. वहिनीनं पैसे काढले तशी म्हातारी रागावलीच.

ते बी राबात उगवलं. आवणीच्या आधी भाज्याची एक सून रोप मागायला आली, तेव्हा वहिनीनं आधी तिची जुडी बांधली आणि मग आमचं खाचर लावायला घेतलं.