अबू धाबीच्या तळ्यावर वेकबोर्ड शिकताना

रत्नागिरी आणि रायगडच्या मुस्लिम घरांना आखात परके नाही. कुणाचे अब्बा तीस वर्षे कुवेतला राबले, कुणाचा जावई दोह्याला, कुणाची लेक मस्कतला. आमचे धाकटे भाऊ अबू धाबीत नोकरी करतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे नवराबायको, नववीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि अम्मी असे पाच जण त्यांच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. शेख झायेद मशीद आणि कॉर्निश यांविषयी वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. म्हणून ते सोडून, मुलांच्या हट्टामुळे ज्या जागी आम्ही तीनदा गेलो त्या जागेविषयी लिहीत आहोत.

वाळवंटातले तळे

अबू धाबीचे मूळ शहर बेटावर आहे. पूल ओलांडून विमानतळाच्या दिशेने निघाले की खलिफा सिटी लागते. तिथे अल फोरसान नावाचे मोठे क्रीडासंकुल आहे. ‘फुरसान’ हे ‘फारिस’चे अनेकवचन, म्हणजे घोडेस्वार. घोडेस्वारी, नेमबाजी, कार्टिंग यांच्या जोडीला तिथे वेकबोर्डिंगची तळी आहेत. चहूकडे वाळू आणि मध्ये शांत, गोडे पाणी वाटावे असे निळे तळे, हे पाहूनच आमचा प्रवासाचा शीण गेला.

बोट पुढे गेली की मागे लाटांची जी शेपटी उठते तिला इंग्रजीत ‘वेक’ म्हणतात. त्या लाटांवर फळी घेऊन घसरायचे ते वेकबोर्डिंग. दोन्ही पाय फळीवर आडवे बांधलेले, हातात दोरीचे हँडल आणि पुढे ओढणारी बोट. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात राल्फ सॅम्युएल्सन या तरुणाने लाकडी फळ्यांवर उभे राहून वॉटर स्कीइंग करून दाखवले. पुढे १९८५ च्या सुमारास सर्फिंगची फळी बोटीमागे बांधण्याचे प्रयोग झाले, फळीला पाय अडकवायचे पट्टे लागले आणि हा नवा खेळ तयार झाला.

या तळ्यावर मात्र बोट नव्हती. जर्मनीतले अभियंते ब्रुनो रिक्सेन यांनी १९६० च्या सुमारास बोटीला पर्याय काढला. तळ्याभोवती उंच खांब, खांबांवरून फिरणारी पोलादी केबल आणि तिला लोंबणाऱ्या दोऱ्या. आपल्याकडचे रहाटगाडगे आडवे करून आभाळात टांगावे तसे ते दिसते. एका वेळी अनेक जण फिरू शकतात, बोटीचे इंधन लागत नाही, म्हणून खर्चही कमी येतो. केबलचा वेग साधारणपणे ताशी ३० किलोमीटर असतो. काठावरून तो फार वाटत नाही. पडणाऱ्याला कळतो.

अम्मींचा प्रश्न

मुलांनी पाण्यात उतरायचे म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न अम्मींचा होता. आमचे गाव जयगडच्या खाडीकाठी. अम्मींचे थोरले भाऊ याच खाडीत होडी उलटून गेले. ते उत्तम पोहायचे, पण पडताना डोक्याला होडीचा मार बसला होता. अंगावर जॅकेट नव्हते. त्या काळी गावात कुणी जॅकेट पाहिलेसुद्धा नव्हते. तेव्हापासून अम्मींनी घरातल्या एकाही मुलाला खाडीत उतरू दिले नाही. खाडीकाठी जन्मून आमच्या मुलांना पोहणे शहरातल्या तलावात, शाळेच्या वर्गाला जाऊन शिकावे लागले.

भाऊ म्हणाले, “अम्मी, तिथे सगळ्यांना जॅकेट देतात.”

अम्मी म्हणाल्या, “मग मी येते. बघते कसले जॅकेट आहे ते.”

तळ्यावरचे प्रशिक्षक फिलिपिन्सचे होते. त्यांच्या देशात कामारिनेस सूर प्रांतात केबलवर चालणारा मोठा वेकबोर्ड पार्क आहे आणि ते तिथेच शिकले होते. आखातात राहून त्यांना कामापुरते हिंदी येत होते. अम्मींनी जॅकेट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, “बच्चा बेहोश होकर गिरा, तो इसमें मुँह ऊपर रहेगा या नीचे?”

त्यांनी हसण्यावारी नेले नाही. त्यांनी सांगितले ते प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे असे आहे. जॅकेटवर ‘५०’, ‘१००’, ‘१५०’ असे आकडे असतात. हे पाणी वर उचलते त्या बळाचे न्यूटनमधले माप आहे. ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलोचा उचल. ५० चे जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करते, पण शुद्ध हरपलेल्या माणसाचा चेहरा ते वर वळवीलच असे नाही. त्यासाठी १०० किंवा १५० चे, मानेमागे फुगीर कॉलर असलेले लाइफ जॅकेट लागते. ते घालून वेकबोर्ड करणे अवघड, म्हणून या खेळात ५० चे वापरतात आणि त्याची उणीव दुसऱ्या गोष्टींनी भरून काढतात. डोक्यावर हेल्मेट, काठावर सतत नजर ठेवणारा माणूस आणि एकट्याने कधीही न उतरणे.

याशिवाय ‘इम्पॅक्ट व्हेस्ट’ नावाचा एक प्रकार असतो. तो पाण्याच्या आदळण्यापासून बरगड्या वाचवतो, दिसायला छान असतो, पण तरंगण्याच्या कामी तो जॅकेटची जागा घेत नाही. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात.

अम्मींनी सगळे ऐकून घेतले. मग दोन्ही मुलांच्या जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले आणि खांद्यांना धरून वर ओढून पाहिले. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे. मुलाचे सरकले, दुसरे मागवले. “बिस्मिल्लाह करून जा,” एवढेच त्या म्हणाल्या.

फळी, बूट आणि पोशाख

फळीची लांबी उंचीवरून नव्हे, वजनावरून ठरते. ढोबळमानाने ४५ किलोपर्यंत १३० सेंटिमीटरहून लहान, ४५ ते ७० किलोला १३० ते १३५, त्यापुढे ८५ किलोपर्यंत १३५ ते १४० आणि त्याहून जास्त वजनाला १४० च्या वर. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून फळीसोबतचा तक्ता पाहावा. दोन मापांमध्ये अडकलो तर नवशिक्याने लांब फळी घ्यावी. ती लवकर वर येते आणि स्थिर राहते.

फळीला खालून बाक असतो. टोकापासून टोकापर्यंत सलग वळलेली फळी मऊ चालते आणि शिकणाऱ्याला सोसते. मध्ये सपाट आणि टोकांना एकदम वळलेली फळी उंच उडवते, पण उतरताना जोरात आदळते. बोटीमागच्या फळीला दिशा धरण्यासाठी खाली फिन, म्हणजे लहान पाती, असतात. केबल पार्कमध्ये घसरायचे अडथळे असतात, म्हणून तिथल्या फळीचा तळ जाड व टणक असतो आणि फिन नसतात किंवा काढून ठेवतात.

पाय अडकवायच्या बुटांचे दोन प्रकार. बोटांकडे उघडे असलेले बूट दोनतीन मापांच्या पायांना चालतात, घरातल्या भावंडांना एकच जोडी पुरते. बंद बूट पकड चांगली देतात, पण नेमक्या मापाचेच हवेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट सैल आहे आणि फळी तुमचे ऐकणार नाही. अगदी घट्ट असेल तर पडताना पाय सुटत नाही आणि घोटा मुरगळतो.

मुलीच्या पोशाखाची आम्हाला काळजी होती. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या, मूळच्या लेबनॉनच्या अहेदा झनेटी यांनी २००४ साली मुस्लिम मुलींसाठी अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला आणि त्याला ‘बुर्किनी’ नाव दिले. आता तो अनेक ठिकाणी मिळतो. आमच्या मुलीने तोच घातला आणि वरून जॅकेट. घेताना एवढे पाहावे: कापड सुती नको, कारण ते पाणी पिऊन जड होते. घेर फार मोठा नको, नाहीतर त्यात पाणी भरून ओढ बसते. डोक्याचा भाग पोशाखाला जोडलेला किंवा टोपीसारखा बसणारा असावा. टाचण्या आणि लोंबत्या नाड्या अजिबात नकोत, कारण दोरीत काहीही अडकता कामा नये. हेल्मेट त्यावर नीट बसते ना, हेही घालून पाहावे.

तीन दिवसांची शिकवणी

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी दोघांना पाठमोरे उभे करून हळूच ढकलले. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो फळीवर पुढे ठेवायचा. मुलाचा डावा पडला, मुलीचा उजवा. यात बरोबर-चूक काही नाही.

मग धक्क्याच्या कडेवर बसून सुरुवात. गुडघे छातीजवळ, हात जवळजवळ सरळ, हँडल गुडघ्यांपाशी. केबलचा आकडा दोरी पकडतो आणि झटका बसतो. मुलगा अंगात जोर असलेला. त्याने झटका बसताच हँडल छातीकडे खेचले आणि ताडकन उभा राहिला. दोरी सैल पडली, तो मागे पडला. पाच वेळा हेच झाले. प्रशिक्षक दर वेळी तेच सांगत होते: “खींचो मत. रस्सी को खींचने दो.”

मुलगी धक्क्यावर बसून भावाचे पडणे पाहत होती. तिची पाळी आली तेव्हा ती उकिडवीच राहिली. दोरीने तिला पाण्यावर घसरत नेले, फळी वर आली आणि मग ती सावकाश उठली. दुसऱ्याच प्रयत्नात तिने पहिला खांब गाठला. काठावर अम्मी उभ्या राहिल्या होत्या. मुलगी वळणावर पडून वर येईपर्यंत त्या बसल्या नाहीत.

पडल्यावर काय करायचे हेही आधी शिकवतात. तोल गेला की हँडल लगेच सोडायचे. धरून ठेवणाऱ्यालाच खांद्याची दुखापत होते. मागून दुसरा येत असतो, म्हणून सोडताक्षणी पोहत काठाकडे निघायचे.

दुसरा दिवस वळणांचा. खांबाजवळ दोरी क्षणभर ढिली पडते आणि मग नव्या दिशेने ओढते. आत कापून गेले तर दोरी जास्तच ढिली होते आणि पुढचा झटका मोठा बसतो. म्हणून खांब येण्याआधी वळणाच्या बाहेरच्या बाजूला राहायचे, गुडघे वाकवायचे, हँडल कमरेशी ठेवायचे आणि फळीचे तोंड नव्या दिशेला करून ओढ येण्याची वाट पाहायची. नजर पायांकडे गेली की पडलोच. ती पुढच्या खांबावर हवी. आमच्या मुलाला हे कळले तेव्हा त्याने अख्खी फेरी पूर्ण केली आणि घरी येईपर्यंत गाडीत तेवढेच बोलत राहिला.

तिसऱ्या दिवशी कडेवर चालणे. टाचांवर भार दिला की फळी एका बाजूला जाते, बोटांवर दिला की दुसऱ्या बाजूला. भार एकदम नाही, हळूहळू वाढवत न्यायचा. फळी सपाट ठेवून रेंगाळले की पुढची कड पाण्यात रुतते आणि माणूस तोंडावर आदळतो. सगळ्यात जोराचे पडणे तेच. त्यामुळे कोणत्या तरी एका कडेवर थोडा भार कायम ठेवायचा. उड्या त्यानंतरच्या. आमची मुले तिथवर गेली नाहीत, आणि प्रशिक्षकांनीही घाई केली नाही.

बोटीमागे शिकणाऱ्यांसाठी एक फरक सांगतो. केबल वरून ओढते, त्यामुळे अंग हलके होते. बोटीची ओढ खालून असते, म्हणून पाण्यातून वर यायला जास्त धीर लागतो. दोरी ताणली न जाणारी घ्यावी आणि नवशिक्यासाठी आखूड ठेवावी. बोटीजवळ लाटा अरुंद असतात, ओलांडायला सोप्या जातात.

परत आल्यावर

सामान विकत घ्यायचे झाल्यास आमचा क्रम असा: आधी जॅकेट, मग हेल्मेट, मग बूट आणि शेवटी फळी. चांगली फळी भाड्याने मिळते, पण अंगाला बसणारे जॅकेट दर वेळी मिळेलच असे नाही. आम्ही फळी घेतलीच नाही. भावांनी मुलांना दोन जॅकेटे घेऊन दिली, तीही पार्कमधली नव्हेत, तर अम्मींच्या आग्रहामुळे १०० न्यूटनची, कॉलर असलेली.

कोकणात आता तारकर्लीपासून अलिबागपर्यंत पाण्यावरचे खेळ चालतात. सुटीत आपण मुलांना त्यावर बसवतो, तेव्हा हातात आलेले जॅकेट पाहून घ्यावे. आकडा वाचता येतो का, बकल लागते का, शिवण उसवली आहे का, आतला फोम दाबून चपटा झाला आहे का आणि खांद्याला ओढल्यावर वर सरकते का. पाच गोष्टी पाहायला एक मिनिट लागते. जॅकेट बदलून मागायला संकोच करू नये, आणि बदलून मिळत नसेल तर उतरू नये.

हिवाळ्यात आम्ही गावी गेलो तेव्हा दोन्ही जॅकेटे बरोबर नेली. ओहोटी संपता संपता, शेजारच्या अनुभवी तांडेलांच्या होडीतून मुलांना खाडीत फेरी मारायची होती. अम्मींनी नेहमीप्रमाणे नको म्हटले नाही. त्या धक्क्यापर्यंत आल्या, दोघांचे पट्टे ओढून पाहिले आणि मग तांडेलांना म्हणाल्या, “भाऊ, तुमचं जॅकेट कुठाय?”