मू म्हणजे मुर्गी

परदेशात जाऊन कोणी काय पाहावे, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर आणि कंपनीच्या टार्गेटवर अवलंबून असते. आमच्या मेव्हण्याचे मंठ्याला बी-बियाण्यांचे दुकान आहे. जालना जिल्ह्यात बियाणे हा धंदा नसून कुळाचार आहे. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आता आमच्याकडे ज्याला दुसरे काही सुचत नाही तो बियाण्याचे दुकान टाकतो. (हे वाक्य मी सौ.ला वाचून दाखवलेले नाही.) तर कपाशीचे टार्गेट पुरे केले म्हणून एका कंपनीने मेव्हण्याला चार रात्री, पाच दिवस बँकॉकला नेले.

येताना त्याने तीन किल्ल्यांचे जुडगे, हिरव्या बाटलीतला बाम आणि चारशे फोटो आणले. फोटो आम्हाला एका बैठकीत पाहावे लागले. मागे बुद्धाचे देऊळ असो, नदी असो की हत्ती असो, पुढे मेव्हणा, मेव्हण्याच्या हातात बांबूची काडी आणि काडीला खरपूस भाजलेल्या मांसाचे तुकडे. हत्तीच्या फोटोत तर हत्तीसुद्धा काडीकडेच पाहत होता.

"हे काय रे?" मी विचारले.

"मू पिंग, दाजी. मू म्हणजे मुर्गी. पिंग म्हणजे भाजलेली. सकाळी सहापासून रस्त्याच्या कडेला कोळशावर धूर काढत बसलेले असतात. दहा बाहतला एक काडी आणि सोबत चिकट भाताची पुडी. आपल्याकडे पोहे खातात तसं तिकडं हे खातात."

मग त्याने पहिल्या दिवशीचा प्रसंग सांगितला. हा प्रसंग त्याने पुढे इतक्यांदा सांगितला की मला तो त्याच्यापेक्षा चांगला पाठ आहे. गाडीवाल्या बाईपुढे दोन ताटे होती. एकाकडे बोट करून ती म्हणाली, "गाय?" मेव्हण्याच्या अंगावर काटा आला. त्याने हात जोडले आणि दोन पावले मागे सरला. बाई बिचारी हसून पुन्हा म्हणाली, "गाय, गाय!" मेव्हणा आणखी दोन पावले मागे. तेव्हा तिने दुसरे ताट पुढे केले आणि म्हणाली, "मू." मुर्गी! मेव्हण्याचा जीव भांड्यात पडला आणि सहा काड्या पोटात गेल्या.

आमच्या सासूबाई माळकरी. पंढरीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही. मुलगा कोंबडी-बकरे खातो हे दुःख त्यांनी पांडुरंगावर सोपवलेले आहे, पण परमुलखात त्याने गाईपुढे हात जोडले हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ही गोष्ट गल्लीत सांगितली, गल्लीने गावात सांगितली आणि गावाकडच्या हरिनाम सप्ताहात, काल्याच्या दिवशी, विमानाने जाऊनही धर्म राखणारा सुपुत्र म्हणून मेव्हण्याचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. सत्काराचा फोटो आमच्याकडेही आला. या एकाच फोटोत त्याच्या हातात काडी नव्हती.

इथपर्यंत सगळे ठीक होते. पण मला रविवारी स्वयंपाकघरात लुडबुड करायची सवय आहे. (बँकेतल्या कारकुनाला हल्ली कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. पद वाढले की माणसाने घरात तरी काम करावे, असे सौ.चे मत.) म्हटले, ही कृती पाहू तर खरी. मोबाईलला विचारले, आणि पहिल्याच ओळीला खुर्चीत सरळ बसलो. थाई भाषेत 'मू' म्हणजे डुक्कर. खांद्याचे नाही तर मानेचे, चरबी असलेले. आणि कोंबडीला ते लोक जे म्हणतात त्याचा उच्चार 'काय' आणि 'गाय' यांच्या अधेमधे कुठेतरी पडतो. म्हणजे ती माउली पहिल्यापासून कोंबडीच देत होती, आणि आमच्या सुपुत्राने कोंबडीपुढे हात जोडून पाच दिवस डुक्कर खाल्ले होते.

आता, डुक्कर खाणे हा काही गुन्हा नाही. गोव्यात ख्रिस्ती घरी सणाला सोरपोतेल केल्याशिवाय सण झाला असे वाटत नाही. कूर्गच्या लोकांची पंदी करी प्रसिद्ध आहे. थाई माणसाला तर त्याची न्याहारी सोडायला सांगणे म्हणजे मराठवाड्यात भाकरी बंद करण्यासारखे. पण त्यांच्यापैकी कोणाचा काल्याच्या दिवशी शाल देऊन सत्कार झालेला नाही, हा फरक आहे.

बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते की जी रक्कम कुठल्या खात्यावर टाकावी हे कळत नाही, ती तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकावी. मी ही माहिती तिथे टाकली. सौ.लासुद्धा सांगितले नाही. मात्र सस्पेन्सची रक्कम तुम्ही विसरलात तरी ती तुम्हाला विसरत नाही. महिन्याभरातच मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, संक्रांतीनंतर आम्ही येतोय, आईपण येतीय. तुमच्या गच्चीवर मू पिंग करू!"

मू आणणे शक्यच नव्हते. घरात माळकरी सासूबाई, आणि भाजायला आमच्या शाखेचे हेड कॅशियर. मराठवाड्यात शेजारच्या काउंटरवर मुसलमान सहकारी असणे हे भाग्य असते, कारण तो तुमच्या मुलांचा मामू होतो आणि तुम्हाला कबाब शिकवतो. सळईवरचे मांस आणि विस्तव यांचे गणित त्यांच्याइतके आमच्या बँकेत कोणाला येत नाही. माल कोंबडीचा, मसाला मूचा, असा तोडगा मी काढला. पण पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला अंधारात ठेवणे मला पटेना. दुपारच्या डब्याला त्यांना सगळे सांगितले, मेव्हण्यासकट. ते हसले नाहीत. गंभीरपणे डबा बंद केला आणि विचारले, "मुर्गी कहाँ से लाते?"

"तुमच्याच मोहल्ल्यातून. तुम्हीच आणा."

"हौ. फिर नाम कुछ भी रहने दो. पर साले साहब को नक्को बोलो. शाल मिली बोले ना?" आणि मग त्यांना जे हसू फुटले ते थांबेना. एक खातेदार काउंटरवरून निघून गेला.

सामान जमवणे हा खरा पराक्रम. या मसाल्याचा पाया म्हणजे लसूण, पांढरी मिरी आणि कोथिंबिरीच्या मुळ्या, तिन्ही खलबत्त्यात कुटून. थाई स्वयंपाकाचा तो श्रीगणेशाच आहे. आपण कोथिंबीर खातो आणि मुळ्या फेकतो. खरा दरवळ त्या मुळ्यांत असतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. भाजीवालीला म्हटले, "मावशी, मुळ्या तोडू नका, आणखी पडलेल्या असतील तर त्याही द्या." तिने प्रेमाने विचारले, "गाईला घालायच्या का, साहेब?" मला एवढ्या जोराचा ठसका लागला की तिने मुळ्यांचे पैसे घेतले नाहीत.

ताडाच्या गुळाऐवजी आपला गूळ. माशाचे पाणी, म्हणजे छोटे मासे मिठात घालून वर्ष वर्ष मुरवल्यावर जे गळते ते, असे नुसते समजावून सांगत होतो, तर सौ. म्हणाली, "ते या घरात आले तर मी माहेरी जाईन." माहेर इथेच येणार होते, तरी मी धोका पत्करला नाही. मीठ आणि सोया सॉसवर भागवले.

बांबूच्या काड्यांची तऱ्हा वेगळी. ज्या गावात भट्ट्या रात्रंदिवस लोखंड वितळवतात आणि ट्रकच्या ट्रक सळया बाहेर जातात, त्या गावात मी वीतभर बांबूची काडी शोधत हिंडलो. शेवटी बुरुडाने कामट्या तासून दिल्या. त्या भाजण्याआधी अर्धा-पाऊण तास पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर मांसाआधी काडी शिजते. कोळसा इस्त्रीवाल्याने दिला आणि "शर्ट मीच करून देतो की" असेही म्हणाला.

राहिले नारळाचे दूध. आमच्याकडे स्वयंपाकात चालते ते सुके खोबरे, तीळ आणि शेंगदाणे. ओला नारळ देवापुढे फोडायचा असतो, त्याचे दूध काढायचे ही कोकणातली चैन. मी नारळ मागताच सौ.ने देव्हाऱ्यामागून एक काढून दिला. "हा घ्या. दादाच्या सत्काराचा. आईने आपल्याकडे प्रसाद म्हणून पाठवलाय." मी तो नारळ बराच वेळ हातात धरून उभा होतो. मग खवला, कोमट पाण्यात कुस्करला आणि फडक्यातून पिळला. पहिले दाट दूध मसाल्यात, दुसरे पातळ दूध भाजताना वरून लावायला.

बँकेला सुट्टी दुसऱ्या शनिवारची, पण शनिवार मारुतीचा. तेव्हा मुहूर्त रविवारचा धरला, आणि कोंबडीला मसाला शनिवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाने लावला. मांडीचे मांस घ्यावे. छातीचे कोरडे पडते आणि चावताना कर्ज वसुलीला निघाल्यासारखे वाटते. पातळ लांबट पट्ट्या कापून, घडी घालून, काडीवर दाटीने ओवाव्यात.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर दोन विटांवर शेगडी पेटली. मी लगेच काड्या ठेवायला गेलो तर हेड कॅशियरांनी मनगट धरले. "ठैरो मियाँ. ज्वाला पे नक्को. कोयले पे राख आने दो." निखारे पांढुरके होईपर्यंत त्यांनी कोणाला जवळ येऊ दिले नाही. मग कांद्याच्या पातीच्या जुडीने नारळाचे दूध लावत, उलटत पालटत, सावकाश भाजणे सुरू झाले. दुधाचा थेंब निखाऱ्यावर पडला की चुर्र होऊन गोडसर धूर निघे. गुळामुळे कडा काळपट तांबूस होत. मुले काड्यांभोवती मांजरासारखी फिरत होती. मेव्हणा बँकॉकचा अनुभवी म्हणून खुर्ची टाकून सूचना देत होता. "एअरपोर्टवर एक शेवटची खाल्ली दाजी, ती याच रंगाची!"

सासूबाईंनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी चूल मांडून ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. चिकट भाताची आठवणसुद्धा कोणाला झाली नाही. काड्यांबरोबर लावायला मी तिकडच्यासारखी चटणी केली होती, चिंचेचा कोळ, गूळ, लाल तिखट आणि तांदूळ कोरडे भाजून केलेला भरडा. तिच्यात मासळीचा थेंब नव्हता, म्हणून थोडी सासूबाईंच्या ताटात वाढली. त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "जावईबापू, तिकडची माणसं आपल्यासारखीच दिसतात. बरं झालं बाई, पोरगं चांगल्या लोकांत जाऊन आलं." हेड कॅशियर एकदम शेगडीकडे तोंड करून खूप वेळ निखारे फुंकत राहिले. त्याची काही गरज नव्हती.

पुढच्या हंगामात मेव्हण्याचे टार्गेट पुन्हा पुरे झाले. जाण्याआधी तो भर गर्दीच्या वेळी बँकेत माझ्या काउंटरवर आला. "दाजी, यंदा तिकडं नीट नाव सांगून मागावं म्हणतो. तुमच्याकडं केली तशी अस्सल मुर्गी पाहिजे. कागदावर लिहून द्या."

आता आली का पंचाईत! 'मू' लिहावे तर मी जाणूनबुजून त्याला डुक्कर खायला पाठवतोय. मी पैसे भरायची एक स्लिप उलटी केली आणि लिहिले, 'गाय'.

"दाजी!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की रांग शांत झाली.

"हळू. तिकडे कोंबडीलाच तसे म्हणतात."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे ती बाई मला मुर्गीच देत होती?"

"हो."

"आणि मीच हात जोडून मागं सरलो?"

"हो."

मी व्हाउचरवर शिक्के मारू लागलो. बियाण्याच्या धंद्यातला माणूस. काही बी रुजायला वेळ घेते हे त्यालाही माहीत असणार. तीन शिक्के झाले, चार झाले.

"मग दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "मू?"

मी पाचवा शिक्का मारला. त्याला कळले. तो खातेदारांच्या बाकावर जाऊन बसला.

"किती खाल्ल्या होत्यास?" थोड्या वेळाने मी काचेआडून विचारले.

"रोज सहा. पाच दिवस."

"तीस."

"इकतीस," कॅशच्या पिंजऱ्यातून आवाज आला. "एअरपोर्ट की जोडो."

मेव्हण्याने स्लिपची घडी करून खिशात ठेवली. "आईला सांगू नका."

"नाही रे."

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. इकडेतिकडे पाहिले, काचेच्या भोकाशी तोंड आणले आणि म्हणाला, "पण दाजी, राग मानू नका, तुमच्या गच्चीवरच्यापेक्षा ते भारी लागत होतं."