जागरणाची वांटणी

चरकसंहितेंत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. पैकीं आहाराची चिंता आपल्या घरांतून पुष्कळ वाहिली जाते. निद्रेची आठवण मात्र ती हरपल्यावांचून कोणास होत नाहीं.

आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, आज ८२ वर्षांचे आहेत. डोंबिवलीस आमचें एकत्र बिऱ्हाड आहे. दादांची सारी हयात रेल्वेच्या कचेरींत गेली. स्मृतिभ्रंशामुळें आतां त्यांस स्वतःच्या मुलाचें नांव सुचत नाहीं. परंतु रात्रीं दोनच्या सुमारास ते उठतात, सदरा चढवितात आणि डब्याची पिशवी घेऊन दाराची कडी चांचपूं लागतात. “गाडी चुकेल,” म्हणतात. शेवटची लोकल केव्हांच गेली व पहांटेची अजून सुटावयाची आहे, हें सांगून उपयोग नसतो.

हा हट्ट नव्हे, व्याधि आहे. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं ज्या रोगाची हकीकत प्रथम मांडली, त्यांत दिवसरात्रीचें भान राखणारें मेंदूंतील केंद्रहि झिजतें. म्हणून दिवसा डुलक्या, तिन्हीसांजेस घालमेल आणि रात्रीं येरझारा असा क्रम उलटा होतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणें आपल्या देशांत साठीपुढील शंभरांतील सुमारें सात जणांस स्मृतिभ्रंश आहे.

डॉक्टरांच्या सल्ल्यानें आम्हीं कांहीं नेम बांधले. सकाळीं दादांना कोवळ्या उन्हांत बसवितों. दुपारची झोंप लांबूं देत नाहीं. चारनंतर चहा बंद. अंधार पडण्यापूर्वींच दिवे लावतों. रात्रीं उठले तर आधीं लघवी, तहान, दुखणें पाहतों. वाद घालीत नाहीं. “गाडीला अवकाश आहे, तोंवर पाणी प्या,” म्हटलें कीं ते पुष्कळदां बसतात. झोंपेची गोळी आपल्या मनानें देऊं नये. तिनें अशा रुग्णांचा भ्रम वाढण्याची व तोल जाऊन पडण्याची भीति असते. या नेमांनीं जागरण कमी झालें, संपलें नाहीं.

मग तें करावयाचें कोणीं? बहुतेक घरांत याचें उत्तर न विचारतांच ठरलेलें असतें: सुनेनें. आमच्या सूनबाई ठाण्यास कचेरींत जातात. एके सकाळीं गाडींत त्यांचा डोळा लागला आणि ठाणें मागें पडून त्या घाटकोपरला जाग्या झाल्या. हें त्यांनीं हंसत सांगितलें; परंतु दोन दिवसांनीं झोंपेच्या झापडींत दूध उतरवितांना त्यांचा हात भाजला. तेव्हां वहिनींनींच पाळ्या लावून दिल्या. एकपर्यंत पुतण्या, एक ते चार मी, पुढें स्वतः वहिनी. सूनबाईंची पाळी फक्त शनिवारीं. मला सकाळीं शाळा गांठावयाची नाहीं. दुपारीं झोंप भरून काढतों.

वडिलांची सेवा पुण्यप्रद खरी. परंतु एकाच्या निद्रेचा खांब काढून दुसऱ्याच्या घरकुलास टेकू देणें शास्त्रास धरून नाहीं. ज्यांच्या घरीं माणसें थोडीं, त्यांनीं रात्रीपुरता पगारी मदतनीस ठेवण्यांत कमीपणा मानूं नये. शुश्रूषा करणाराचेंच मन खचूं लागलें, तर २०२२ पासून शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. आणि आज रात्रीं कोणीं जागावयाचें, हें सर्वांनीं रात्रीच्या पंक्तीसच ठरवावें.