दारावरची थाप

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. आमच्या आळीत दर संध्याकाळी एकेका घरी माळ म्हटली जाते. काही वर्षांपूर्वी आमची पाळी असता, प्रार्थना आटोपून ओटीवर चहा चालला होता. तोच एका सरकारी कार्यालयातील गृहस्थ वही घेऊन दारात उभे राहिले. येथे कोण कोण जमते, बाहेरचे कोणी येते काय, अशी त्यांची विचारपूस. बोलणे सौजन्याचे होते. आम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि १४ नावेही दिली. कोणत्या कायद्यान्वये विचारता, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. (खरे सांगायचे तर सुचले होते, धैर्य झाले नाही.)

पुढे उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांचा खटला वाचनात आला. दरोड्याच्या आरोपातून १९४१ साली पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली. तरीही पोलिसांनी त्यांच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री चौकीदार व शिपाई येत, दार ठोठावीत, झोपेतून उठवीत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. परंतु खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नव्हे, असेही बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव यांचे मत निराळे होते : तो हक्क व्यक्तिस्वातंत्र्यातच अंतर्भूत आहे. त्या अल्पमताला न्याय मिळण्यास जवळजवळ ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेच्या निमित्ताने, नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. हा हक्क निरंकुश नाही. शासनास घरात डोकावता येते. पण त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि डोकावणे त्या हेतूच्या प्रमाणात हवे.

आमच्या ओटीवर यांपैकी कशाचीही विचारणा झाली नाही.

त्या १४ नावांत एक नाव पलीकडच्या आळीतील काकूंचे होते. त्या आमच्या धर्माच्या नव्हेत. मुलाच्या आजारपणापासून त्या मागच्या बाकावर येऊन निमूट बसत. घरी कोणास सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. पुढे एकदा बाजारात भेटल्या. "मुलगा बरा आहे," एवढेच म्हणाल्या. क्षमा मागावी असे फार मनात होते. पण सोबत त्यांच्या जाऊबाई होत्या, आणि क्षमा मागायची तर कशाबद्दल, हे त्यांच्यासमोर सांगावे लागले असते.